गोलकीपरवर पाळत

कुणाला गाता गळा मिळतो, कुणाला रांगोळीचा हात. मला संशय मिळाला. शेजारीण उसनी नेलेली साखर परत घेऊन आली, की तिची पाठ वळताच मी बोट बुडवून चाखायची, मीठ तर नाही ना म्हणून. कॉलेजातला माझा एक फोटो अजून घरात आहे. दोन वेण्या, तेलानं चप्प बसवलेले केस, आणि डोळे असे रोखलेले, जणू फोटोवाल्यानंच आमच्या घरातली परात पळवली आहे. माझी नात तो फोटो मैत्रिणींना दाखवते आणि म्हणते, “ही माझी आजी, पोलिसात जायची राहिली.” मी म्हणते, पोलिसात गेले असते तर सुरतेतले सगळे निरपराध लोक आत असते आणि चोर माझ्याच हातचा चहा पीत बाहेर बसले असते. कारण संशय घेण्यात मी जितकी तयार होते, तितकीच तो चुकीच्या माणसावर घेण्यात. फुटबॉलच्या त्या एका हंगामात हे माझं कसब जसं फुललं, तसं पुन्हा कधी फुललं नाही.

आम्ही सुरतेत नवागामला राहायचो. मूळचे खानदेशातले, शिरपूरकडचे. दादा, म्हणजे माझे वडील, पांडेसऱ्याला एका डाइंग मिलमध्ये रंगमास्तर होते. त्यांचे हात कधी कातडीच्या रंगाचे मी पाहिलेच नाहीत. जांभळ्या हातानं ते भाकरी मोडायचे, हिरव्या हातानं देवाला फूल वाहायचे, आणि कुठल्या दिवशी कुठला माल निघाला हे आम्हाला त्यांच्या नखांवरून कळायचं. आजूबाजूला सगळे लूमवाले. दिवसभर भिंतीपलीकडून खटाखट चालू. पाहुणे आले की म्हणायचे, या आवाजात झोप कशी लागते? आम्हाला उलट वीज गेली, लूम थांबले, की दचकून जाग यायची. घरात बोलणं अहिराणी, कॉलेजात मराठी, बाजारात गुजराती आणि भांडण हिंदीत. माय, म्हणजे माझी आई, शाळेत फारशी गेलेली नव्हती. पण तिच्या मनात काय चाललंय हे ओळखणं माझ्यासारख्या जन्मजात हेरालासुद्धा कधी जमलं नाही. ती कळण्याची भाकरी थापताना जितकी गप्प, तितका तिचा बेत मोठा, एवढंच अनुभवानं कळलं होतं.

आमच्या कॉलेजात मुलींचा फुटबॉल संघ काढला तेव्हा फुटबॉल खेळता येणारी एकही मुलगी नव्हती. केकीसर नावाचे पारशी पीटीमास्तर होते, त्यांनी खो-खोच्या पोरी उचलल्या आणि त्यांच्यासमोर बॉल ठेवला. पहिल्या दिवशी आम्ही सवयीनं बॉलच्या पाठीमागे जाऊन बसलो. सर टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, “दीकरी, बॉलने पगथी मारवानो छे, खो नथी आपवानो.” बॉलला पायानं मारायचं, खो द्यायचा नाही. कप्तान होती हंसा. बापाचं फरसाणचं दुकान, अस्सल सुरती पोर. तिच्या तोंडातून शिवी निघाली की तिच्यामागे बॉल निघायचा, आणि दोन्ही नेमक्या जागी जायचे. मी डाव्या बाजूला बॅक. सर म्हणायचे, इंदू चांगली बॅक आहे, कारण तिचा समोरून येणाऱ्या कुणावरच विश्वास नसतो. आमचे शर्ट दादांनी मिलमध्ये मोरपंखी रंगवून आणले होते. पहिल्याच सामन्यात पाऊस आला आणि रंग उतरून आम्ही कोपरापर्यंत मोरपंखी झालो. दादा म्हणाले, घाईत रंग पक्का करायचा राहिला. मी मात्र आठवडाभर मनात धरून होते की मुलीनं खेळणं सोडावं म्हणून त्यांनी मुद्दामच कच्चा रंग दिला.

आणि गोलकीपर होती सुनंदा वानखडे. अकोल्याकडची, वडील बँकेत साहेब. त्या वर्षीच आमच्या कॉलेजात आली होती. उंच, शांत, आणि डब्यात रोज काहीतरी आमच्या ओळखीचं नसलेलं. एकदा तिनं सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, पुढे केली तर मी आधी हंसाला खायला लावली. सुनंदा फार बोलायची नाही, बोलली की “तुम्ही लोकं असं काऊन करून राहिले?” एवढंच. काऊन म्हणजे का. पण गोलात उभी राहिली की बॉल तिच्या हाताला चिकटायला यायचा. तिच्यामुळेच आम्ही हंगामाच्या अर्ध्यात आलो तेव्हा पीटीच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर आमचं नाव वरच्या दोनात होतं.

आता तो फळा समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. आसपासची कॉलेजं एकमेकांशी एकेकदा खेळायची आणि शेवटी जी दोन कॉलेजं वर, ती युनिव्हर्सिटीच्या मोठ्या स्पर्धेला बडोद्याला. गुण सारखे झाले तर मारलेले गोल आणि खाल्लेले गोल यांची वजाबाकी. हल्ली नात मोबाइलवर बोट फिरवून कुठल्या देशाचा कितवा नंबर ते सांगते. आम्ही खडूच्या त्या आकड्यांपुढे उभं राहून बोटांवर हिशेब करायचो. तर असं सगळं बरं चाललेलं असताना शिरपूरहून माझ्यासाठी स्थळ आलं. मुलाच्या घरी कापसाची जिनिंग होती. जेवताना विषय निघाला. मी ताटावरून न उठता म्हटलं, “मला अजून एक वर्ष आहे कॉलेजचं. आणि आम्ही बडोद्याला जाणार आहोत.” दादा मूडमध्ये होते. म्हणाले, “जाणार? बरं. वरच्या दोनात येऊन बडोद्याला गेलात, तर पुढचं वर्ष तुझं. नाही गेलात, तर शिरपूरला हो कळवतो. कबूल?” मी तिरीमिरीत “कबूल” म्हटलं. माय काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली. दादांचा शब्द म्हणजे त्यांच्या शर्टांसारखा नव्हता. तो पक्का रंग होता.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली आणि नजर तीक्ष्ण झाली. माझं लग्न आता आमच्या गोलात जाणाऱ्या प्रत्येक बॉलवर टांगलेलं, आणि गोलात कोण? सुनंदा. मी तिच्याकडे नीट पाहायला लागले. नीट पाहिलं की कुणीही संशयास्पद दिसतं, हे मला आता कळतं. आधी दिसले तिचे नवे हातमोजे, लाल, चामड्याचे, आमच्यापैकी कुणी पाहिलेही नव्हते तसे. मग एका सामन्यात तिच्या पायांमधून एक भुक्कड बॉल आत गेला. आणि मग एका संध्याकाळी कॉलेजच्या फाटकाबाहेर मी तिला मीनलशी बोलताना पाहिलं. मीनल ही तापीपलीकडच्या कॉलेजची कप्तान. फळ्यावर आमच्या खालोखाल त्यांचंच नाव. दोघी झाडाखाली उभ्या, मीनल हातवारे करून काही समजावतेय आणि सुनंदा मान हलवतेय. मी पाणीपुरीच्या गाडीआड लपून हे सगळं पाहिलं. लपायला म्हणून सहा पाणीपुऱ्या खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं त्याचंही खापर सुनंदावरच फोडलं.

हंसाला सांगितलं. ती आधी हसली. मग हातमोज्यांचं सांगितलं तेव्हा हसायची थांबली. संशयाचं असं असतं, पहिल्या माणसाला तो पटवावा लागतो, दुसऱ्यापासून पुढे तो आपल्या पायानं चालतो. आठवड्यात अख्ख्या संघाला माहीत झालं की गोलकीपर फुटली आहे. तिला तोंडावर कुणीच काही विचारलं नाही. आम्ही फक्त तिला बॉल द्यायचं बंद केलं. त्या काळी अडचणीत सापडलं की बॅकनं बॉल सरळ मागे गोलकीपरकडे ढकलायचा, तिनं हातात धरायचा, संकट टळलं. आता म्हणे तसा हातात धरता येत नाही, नियम बदलला. आम्ही नियम बदलायच्या कितीतरी आधी ही पद्धत मोडून टाकली होती. बॉल पायात आला की मी डोळे मिटून तो मैदानाबाहेर, रस्त्यावर, एकदा तर भाजीच्या ट्रॅक्टरमध्ये मारला. केकीसर बाहेरून ओरडायचे, “इंदू, पाछळ आप! पाछळ!” मागे दे म्हणून. मी ऐकलं नसल्यासारखं करायची. मागे द्यायचा? तिला? त्यापेक्षा मी शालू नेसून शिरपूरची एसटी पकडली असती. अशानं जे व्हायचं तेच झालं. जिंकायचे सामने बरोबरीत सुटले, मीनलचं कॉलेज आमच्या वर चढलं, आणि फळ्यावर आम्ही तिसऱ्या नंबरला घसरलो. मी हंसाला म्हटलं, “बघ, मी सांगितलं नव्हतं?” स्वतःच घराला काडी लावायची आणि धूर पहिल्यांदा आपल्याला दिसला म्हणून मिरवायचं, अशी माझी ती हुशारी.

एकच सामना उरला होता, बारडोलीच्या मुलींशी. मीनलच्या कॉलेजचे सगळे सामने संपले होते. आम्ही बारडोलीला हरवलं तर गुण त्यांच्याएवढे व्हायचे. पण वजाबाकीत वर यायचं तर दोन गोलांनी हरवायला हवं होतं. दोन गोल म्हणजे बडोदा. एक गोल म्हणजे शिरपूर.

त्याच सुमाराला, श्रावणातल्या एका रविवारी, आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशी देवी, बसायची होती. सुरतेत एवढे खानदेशी, त्यामुळे त्या रविवारी नवागाम, डिंडोलीच्या गल्ल्यांमधून शिरपूर-धुळ्यात असल्यासारखं वाटतं. नारळाला डोळे, नथ लावून देवी चौरंगावर बसते आणि रोटांचा नैवेद्य होतो. रोट म्हणजे पुरणपोळ्याच. पण त्यांचे गहू मोजून घ्यायचे असतात. आमच्या घरची रीत अशी की घरातल्या प्रत्येक गड्यामाणसाच्या, म्हणजे पुरुषाच्या, नावानं सव्वा मूठ. आणि ते रोट घरच्यांनीच खायचे. परक्याला त्यातला घास द्यायचा नाही. दारात कितीही लाडका पाहुणा आला तरी त्याला शिरा मिळेल, भजी मिळतील, रोट नाही. तर माय सुपात गहू मोजत होती आणि मी शेजारी बसून खडे निवडत होते. दादांच्या नावाची मूठ पडली. माझ्या दोन शाळकरी भावांच्या पडल्या. त्या दोघांचं या गोष्टीत खाण्याशिवाय काम नाही. आणि मग मायनं इकडेतिकडे पाहून आणखी एक सव्वा मूठ टाकली.

“माय, हाई मूठ कोनी शे?” मी विचारलं. ही कुणाची?

“व्हई कोनी तरी,” ती म्हणाली. “तू खडा देख.”

घरात एक गडी वाढणार? कुठून? म्हणजे कुणीतरी येणार. येणार आणि राहणार. जावई आपल्या रोटात कधी धरत नाहीत, तो त्याच्या घरच्या रोटाचा, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मग मी काय निष्कर्ष काढावा? घरजावई! शिरपूरचा तो जिनिंगवाला इथं येऊन राहणार, दादा त्याला मिलमध्ये चिकटवणार, आणि सामन्याचं ते सगळं कबूल-बिबूल म्हणजे माझ्या डोळ्यांत धूळ. पुढचे दिवस मी मायच्या मागे मागे फिरले. ती बाजारात गेली की मी पिशवी घेऊन मागे, ती शेजारी बोलली की मी दाराआड. तिनं एकदा मागच्या खोलीतला कोपरा झाडून रिकामा केला, खुंटीवरचे कपडे हलवले. मी म्हटलं, झालं. नवरदेवाची जागा तयार झाली.

रविवार उजाडला. घरात पुरणाचा, वेलदोड्याचा, गंगाफळाच्या भाजीचा घमघमाट. मायनं सकाळीच सांगितलं होतं, “तुझ्या त्या गोलवालीला जेवायला बोलावलंय मी.” मी विचारलं, तू कधी भेटलीस तिला? तर म्हणाली, तिच्या आईशी ओळख आहे माझी, भाजीबाजारातली. सुरतेच्या बाजारात दोन मराठी बायका एकाच भेंडीवाल्याशी घासाघीस करताना भेटल्या की पुढच्या आठवड्यात एकमेकींच्या माहेरची नावं सांगायला लागतात, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी मला त्यातही कट दिसला. दुपारी दारात रिक्षा थांबली. आधी सुनंदा उतरली. तिच्यामागून एक उंच, मिशीवाला तरुण उतरला, आणि त्यानं खांद्यावर पत्र्याची ट्रंक घेतली. मायनं पदर सावरून त्याला वाट करून दिली. तो ट्रंक घेऊन सरळ मागच्या खोलीत, त्या झाडलेल्या कोपऱ्यात गेला.

मी चुलीवरचं पुरण ढवळायची थांबले. हा शिरपूरचा नव्हे! हा सुनंदाचा भाऊ! म्हणजे गोल सोडून मला हरवायचं आणि आपल्या भावाशी माझं लग्न लावायचं, असा एवढा लांबचा डाव! माझ्या त्या डोक्याला मी आज हात जोडते. देवानं पुरण शिजवायला दिलेला वेळ मी असले मनोरे रचण्यात घालवला आणि तळाला पुरण लागलं.

पण पाट मांडले तेव्हा माझा मनोरा हलला. मायनं त्या भावाला ओसरीवरच शिरा दिला, चहा दिला, “या बरं” म्हटलं, आणि तो उलट्या पावली निघून गेला. आणि रोट वाढायला घेतले तेव्हा पहिला रोट तिनं सुनंदाच्या पानात घातला. दादांचा हात ताटावरच थांबला. भाऊ तोंड उघडं टाकून बघायला लागले.

“माय! तिला रोट?” मी ओरडलेच.

“मग? आजपासून या घरात झोपणार, या घरात उठणार. घरातल्या माणसाला रोट द्यायचा नाही तर काय शिरा देऊ?” माय म्हणाली. दादांकडे न बघता तिनं पुढचं सांगितलं. वानखडेसाहेबांची बदली झाली होती, अकोल्याला. बिऱ्हाड हललं. पोरीचं वर्ष बुडू नये म्हणून तिला परीक्षेपर्यंत इथं ठेवायचं ठरलं होतं. दादांना ठेवायचं माहीत होतं; मुठीचं माहीत नव्हतं.

“पण मूठ गड्यामाणसाच्या नावानं असते,” दादा हळूच म्हणाले.

“एवढ्या पोरींमागे एकटी उभी राहते ती, बॉल अंगावर घेते. माझ्या मते गडीच आहे,” माय म्हणाली, आणि तुपाची वाटी पुढे केली. “मला सांगितलं का नाहीस?” असं मी विचारल्यावर म्हणाली, “तुले सांगितलं असतं तर तू तिच्या ट्रंकेची झडती घेतली असती.”

जेवण झाल्यावर हात धुताना मी सुनंदाला मीनलचं विचारलं, सहज विचारल्यासारखं. ती म्हणाली, “तिच्या मावशीकडे मुली ठेवतात ना. जागा आहे का ते विचारत होती मी. नव्हती.” हातमोजे? “माझ्या दादाचे. हॉकीचे आहेत.” मग टीममध्ये कुणाला बोलली का नाहीस? तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “तुम्ही लोकं माझ्याशी बोलता कुठं?” मला एकदम पदराला हात पुसायची घाई झाली. हंसाला मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं की आपण समजलो तसं काही नाही. हंसा म्हणाली, “हवे शुं फायदो?” आता काय उपयोग. खरी बातमी अशीच असते, तिला पाय नसतात.

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर झाला. चिखल घोट्याएवढा. मी पहिल्यांदाच सुनंदाबरोबर एका घरातून निघून मैदानावर आले होते, मायनं दोघींच्या कपाळाला अंगारा लावला होता. हंसानं पहिल्या अर्ध्यात एक गोल केला आणि दुसऱ्या अर्ध्यात, चार जणींना सुरती भाषेत रस्ता मागत, दुसरा. दोन-शून्य. फळ्याचं गणित आमच्या बाजूनं झालं. केकीसर टोपी हातात घेऊन देवाचं नाव घेत होते. बडोदा मला दिसायला लागलं होतं. बडोद्यात काय असतं मला ठाऊक नव्हतं, पण ते शिरपूर नव्हतं एवढं पुरे होतं.

शेवटी बारडोलीच्या पोरी सगळ्या मिळून आमच्यावर चालून आल्या. बॉल घसरत माझ्या पायाशी आला. समोर दोघी धावत येताहेत, बाजूला चिखल, मागे सुनंदा. सगळा हंगाम मी असा बॉल डोळे मिटून बाहेर मारला होता. त्या दिवशी नाही मारला. मला वाटलं, आता घरचीच तर आहे. मी वळले आणि छान, नीट, मापात, तिच्याकडे बॉल ढकलला. तो काही जोरात नव्हता. चिखलातून रखडत चालला होता. सुनंदा उभी होती. तिची नजर बॉलवर नव्हती, माझ्यावर होती. असे डोळे बारीक करून ती माझ्याकडे बघत होती, आणि बॉल तिच्या शेजारून, एखादी म्हातारी देवळात शिरावी तसा, हळूच आत गेला.

दोन-एक. लगेच शिट्टी झाली. आम्ही जिंकलो होतो आणि तिसरे आलो होतो. बारडोलीच्या पोरी हरूनही नाचत होत्या. हंसा माझ्यापुढे येऊन उभी राहिली, तिच्या तोंडात पहिल्यांदाच शिवी नव्हती. तिनं एवढंच विचारलं, “तुं कोनी टीममां छे, इंदू?” तू कुणाच्या बाजूची आहेस. बाकीच्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. ती नजर मी ओळखली. गेले कित्येक आठवडे मीच ती त्यांना शिकवली होती.

तेवढ्यात सुनंदा मागून आली आणि म्हणाली, “बॉल माझा होता. मी नाही धरला.” आणि माझा हात धरून तिनं मला मैदानाबाहेर काढलं.

उधन्याच्या रेल्वे फाटकापर्यंत आम्ही चालत आलो. फाटक बंद होतं, मालगाडी चालली होती. गाडीच्या आवाजात मी ओरडून विचारलं, “धरला का नाहीस?”

“मले वाटलं तू मुद्दाम मारला!” तीही ओरडली.

“मुद्दाम? मी?”

“हंसानं सांगितलं होतं ना, बडोद्याला नाही गेलो तर तुझं लग्न. आणि तू तर अख्खा सीझन बॉल बाहेर मारून राहिली! सर ओरडून राहिले, तरी बाहेर! मी म्हटलं, हिला तो शिरपूरचा पोरगा पसंत दिसते. हिला हरायचंच आहे. आणि वरून तू सारखी माझ्याकडे टक लावून पाहायची. मले वाटलं, कोणत्या बाजूनं गोल सोडता येते ते पाहून राहिली. म्हणून मी तुझ्यावर लक्ष ठेवून होती.”

“तू? माझ्यावर?”

“मग काय! आज एकदम तू बॉल मागे दिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी म्हटलं, आता हिचा डाव कळला. काय करते ते पाहू. पाहू पाहू म्हणेपर्यंत तो गेला आत.”

मालगाडी संपली, फाटक उघडलं, लोक आमच्या दोन्ही बाजूंनी जायला लागले, आणि आम्ही चिखलानं माखलेल्या दोन घोड्या तिथंच उभ्या राहून हसत होतो की रडत होतो हे आम्हालाही कळेना.

घरी बातमी आमच्याआधी पोचली होती. दादा बनियनवर जेवायला बसले होते. त्या दिवशी त्यांचे हात राणी रंगाचे होते. आम्ही पाय धुऊन आत आलो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिसरा नंबर चांगला असतो. पण शब्द म्हणजे शब्द. उद्या शिरपूरला हो कळवतो.”

मी तोंड उघडणार तोच माय तव्यापासून म्हणाली, “कळवा. पण थोरलीचं काय?”

“कोण थोरली?”

“सुनंदा. तुमच्यासमोर रोट खाल्लाय तिनं. घरची पोर झाली. दोघींत थोरली कोण ते विचारा आधी. थोरली घरात बसवून धाकटीचं लग्न लावलं म्हणजे शिरपूरवाले काय म्हणतील? थोरलीत काही खोट आहे म्हणतील.”

“अगं, पण तिचं लग्न मी कसं लावू? तिचे आईबाप अकोल्याला बसलेत!”

“मग ते लावतील तेव्हा लावतील. तोवर आपलीही थांबेल. कानबाईचा रोट काय खोटा म्हणायचा?”

दादांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. देवीच्या चौरंगाच्या जागेकडे पाहिलं. मग सुनंदाला म्हणाले, “पोरी, तुझा जन्म कोणत्या महिन्याचा?”

“आषाढातला, काका.”

मी त्याच सालच्या भाद्रपदातली. दादांनी माझ्याकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. माय भाकरी उलटत होती, फार गप्प होती. हे सगळं तिनं कधी योजलं होतं, आम्ही हरणार हे धरून चालली होती की काय, हे मी तिला पुढे कितीदा विचारलं. तिचं एकच उत्तर, “तुले काय करनं शे?” तुला काय करायचंय. ती गेली तरी माझा तिच्यावरचा तो एक संशय गेलेला नाही, आणि तेवढा एक खरा असावा अशी माझी फार इच्छा आहे.

“एक वर्ष,” दादा म्हणाले. “थोरलीच्या मानाखातर. शिरपूरला सांगतो, थांबता येत असेल तर थांबा.”

माझ्या पानात माय वाढत होती ते मला दिसेना, डोळ्यांत पाणी आलं होतं. शेजारी सुनंदा खाली मान घालून जेवत होती. तिनं भाकरीचा तुकडा तोंडात घातला, माझ्याकडे सरकली आणि दादांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “इंदे, खरं सांग. तुले तो जिनिंगवाला खरंच नाही ना पाहिजे? नाही म्हणजे, अजून काका ताटावरून उठले नाहीत.”